चार नंबरचं पाणी

“कप्तान, बादली तिरकी जातेय. जरा स्थिर धरा.”

मी सुकाणू पोटाशी आवळलं आणि इंजिनाला किंचित जोर दिला. खाडी समुद्राला मिळते त्या तोंडावर पाण्याला ओढ फार आणि तळाला नुसता खडक, त्यामुळे तिथे नांगर धरत नाही. बाकीच्या तीन ठिकाणी मी नांगर टाकतो, इंजिन बंद करतो आणि निवांत थर्मासमधला चहा पितो. चार नंबरला मात्र इंजिन चालू ठेवून, ओढीशी झुंजत, लाँच एका जागी उभी करावी लागते. हे कुणाही सोम्यागोम्याचं काम नाही, हे मी बाईंना एकोणीस वर्षांत निदान दोनशे वेळा ऐकवलं असेल. त्या दरवेळी मान डोलावतात आणि बादली सोडतात.

बाईंना सगळा धक्का मोजणीबाई म्हणतो. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत त्या सव्वीस वर्षं पाण्यातले जीव मोजतायत, आणि तेही डोळ्यांना न दिसणारे. दिसणारे मासे मोजायला कुणीही तयार असतं, असं त्यांचं मत आहे. दर मंगळवारी सकाळी मी त्यांना खाडीतल्या चार ठरलेल्या जागी नेतो. प्रत्येक जागी त्या दोरीच्या बादलीने वीस बादल्या पाणी उपसतात, रेशमी कापडाच्या बारीक जाळीतून ते गाळतात, आणि जाळीच्या तळाशी जे कपभर पाणी उरतं ते बाटलीत भरतात. मला विचाराल तर त्या बाटलीत काही म्हणजे काही नसतं. पण प्रयोगशाळेत गेल्यावर बाई त्यातले थेंब चौकोन आखलेल्या काचेवर घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि दुपारभर एकेक जीव मोजत बसतात. त्यांचे यजमान म्हणतात, हिने लग्न झाल्यापासून माझ्याकडे एवढं निरखून बघितलं असतं तर माझा चष्म्याचा नंबर तरी हिला पाठ असता.

त्या जिवांची शास्त्रातली नावं लांबलचक आणि जबडा दुखवणारी आहेत. माझ्यासाठी बाईंनी सोपी नावं काढली. काचेच्या कवचात राहणाऱ्या आणि एकमेकींचा हात धरून चालणाऱ्या चिमुकल्या वनस्पती म्हणजे साखळ्या. दोन लांब मिशा हलवत उड्या मारत पोहणारे ते मिशाळ. साखळ्या उन्हावर जगतात, मिशाळ साखळ्यांवर जगतात, माशांची पिल्लं मिशाळांवर, आणि आम्ही धक्क्यावरची माणसं त्या माशांवर. शिवाय आपल्या दर दुसऱ्या श्वासातली हवा समुद्रातल्या असल्याच मंडळींनी तयार केलेली असते, असं बाईंनी एकदा सांगितलं. ते ऐकल्यावर आठ दिवस मी श्वास मोजून घेत होतो.

या मंडळींचं डिझेलशी अजिबात जमत नाही. पाण्यावर डिझेलचा पातळ तवंग आला की आधी साखळ्या तुटतात, मग कवचं आतून रिकामी होतात. मिशाळ तेलाचा बारीक थेंब खाऊ समजून गिळतात, तो त्यांच्या पोटात गोल चकचकीत दिसतो, आणि मग ते उडी मारायचंच विसरतात. काही हिरवे गोळे मात्र कशालाच दाद देत नाहीत. सगळे मेले तरी ते मजेत असतात. “प्रत्येक ऑफिसात असतात तसले,” असं बाई म्हणतात आणि साहेबांच्या केबिनकडे बघत नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या धक्क्यावर बोटींसाठी डिझेलचा पंप आला, आणि त्याच वर्षी बाईंचे आकडे घसरले. बाईंनी चारही ठिकाणांचा तक्ता करून धक्क्याच्या भिंतीवर लावला. पंपवाला आधी कडाडून भांडला, मग आठवडाभर रोज येऊन तक्त्यासमोर उभा राहिला, आणि शेवटी त्याने पंपाची नळी बदलली, खाली पत्र्याचे ट्रे ठेवले, खाडीत टाकी धुणाऱ्या बोटवाल्यांना डिझेल द्यायचं बंद केलं. एक, दोन आणि तीन नंबर हळूहळू वर आले. चार नंबर काही उठेना. तिथली बाटली उघडली की डिझेलचा भपकारा यायचा. ओहोटीचं पाणी पंपाकडून निघून चार नंबरवरूनच बाहेर पडतं, त्यामुळे सगळं खापर पंपवाल्याच्या डोक्यावर फुटलं. तो शपथा घेऊन सांगायचा की आता त्याच्याकडे एक थेंब सांडत नाही. आम्ही हसायचो. त्यात माझंच हसणं सगळ्यात मोठं होतं.

आणि या महिन्याच्या अखेरीला बाई निवृत्त व्हायच्या होत्या. साहेबांनी त्यांच्या सव्वीस वर्षांच्या आकड्यांचं पुस्तक छापायचं ठरवलं होतं. निरोपाच्या दिवशी पुस्तकाचा कच्चा खर्डा सगळ्यांसमोर ठेवायचा आणि मग तो छापखान्यात जायचा. बाईंना त्या पुस्तकाचं अप्रूप होतं, पण परतताना त्या एकदा म्हणाल्या, “कप्तान, जायच्या आधी चार नंबर एकदा वर आलेला बघायचाय. बाकी माझं काही मागणं नाही.”

मी म्हणालो, येईल की. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो.

त्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तीन नंबरहून निघालो आणि इंजिनाचा पट्टा फाटकन तुटला. इंजिन तापायच्या आत मी ते बंद केलं. दुसरं कुणी असतं तर परत फिरलं असतं, पण मी एवढ्या वर्षांत बाईंचा एकही मंगळवार चुकवला नव्हता. मी वल्ही काढली. नशिबाने भरती-ओहोटीच्या मधली, पाणी थबकलेली वेळ होती. वल्हवत चार नंबर गाठला, वल्ह्यांवरच लाँच धरून ठेवली, आणि बाईंनी वीस बादल्या उपसल्या. माझे दंड दोन दिवस भरून आले होते, आणि बायको मलम चोळताना म्हणत होती की मोजणीबाई जाणार म्हणून एवढा उत्साह, माझ्यासाठी कधी बादलीभर पाणी नाही काढलंत.

त्याच मंगळवारी दुपारी मी धक्क्यावर पट्टा बसवत होतो तेव्हा बाई प्रयोगशाळेतून चालत आल्या. चालत म्हणतो, पण जवळजवळ पळतच आल्या. पायात प्रयोगशाळेतल्या सपाता तशाच होत्या.

“चारशे बारा,” त्या म्हणाल्या.

“काय चारशे बारा?”

“चार नंबर. मागच्या मंगळवारी एकतीस होता. मी तीनदा मोजलं. साखळ्या आहेत, चांगल्या लांबच्या लांब. मिशाळ आहेत, पोटं हिरवीगार. आणि कप्तान, बाटलीला वास नाही.”

मी पाना खाली ठेवला आणि त्यांना बसायला डबा दिला. त्या डब्यावर बसल्या, मग उठल्या, मग पुन्हा बसल्या. बातमी अर्ध्या तासात धक्काभर झाली. साहेबांनी सगळ्यांना चहा-बिस्किटं दिली. पंपवाला छाती काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि प्रत्येक बोटीपाशी थांबून म्हणाला, “काय सांगत होतो मी?” मलाही म्हणाला. मी त्याच्याशी हात मिळवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मिळवला असेन, आणि मला मनापासून बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी नवा पट्टा होता, इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं, आणि बाई शिट्टी वाजवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. संध्याकाळी मी आकडा विचारायला प्रयोगशाळेत गेलो. त्या खिडकीपाशी पाठ करून उभ्या होत्या.

“अठ्ठावीस,” त्या म्हणाल्या. “आणि वास आहे.”

खाडी आठ दिवसांत मरत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मग गेल्या मंगळवारचं काय? बाईंनी त्याचं उत्तर स्वतःच शोधून ठेवलं होतं. तीन आणि चारच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. किंवा काचेवर तीनचेच थेंब घेतले असतील. सव्वीस वर्षांत अशी चूक कधी झाली नव्हती, पण आता डोळे थकले, असं त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. त्याचंच मला वाईट वाटलं.

बाईंचे डोळे ही साधी गोष्ट नव्हे. अकरा वर्षांपूर्वी त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी पाण्यावरची चकाकी टाळायला सांगितली होती. तिसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा लाँचवर हजर. त्यांना उन्हात डोळे बारीक करून बादली सोडताना बघून मला राहवेना. बाकीच्या तीन ठिकाणी सावली आपोआप मिळते, चार नंबरला नाही. म्हणून चार नंबरला मी लाँच उलटी धरायला लागलो. नाक ओढीकडे ठेवायच्या ऐवजी पाठ ओढीकडे, म्हणजे केबिनची सावली बरोबर मागच्या भागावर, बाई उभ्या असतात तिथे पडते. अशी लाँच धरणं दुप्पट कठीण. पण गेली अकरा वर्षं चार नंबरला बाईंच्या डोळ्यांवर ऊन पडू दिलं नाही, याचा मला अभिमान होता. बायकोसमोर तर मी तो जरा जास्तच मिरवत असे.

तिसऱ्या मंगळवारी बाई प्रत्येक बाटलीवरचा नंबर दोनदा तपासत होत्या. चार नंबरला मी नेहमीसारखी लाँच फिरवली, सावली धरली, इंजिनाला जोर दिला. त्या बादली सोडत होत्या आणि मी, त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून, खाली पाण्याकडे बघत होतो.

लाँचच्या उजव्या अंगाला, पाण्याच्या जरा वर, एक भोक आहे. इंजिनाखालच्या खळग्यात जे पाणी साचतं ते एक छोटा पंप त्या भोकातून बाहेर टाकतो. तो पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतो. माझ्या इंजिनाच्या एका सांध्यातून डिझेल थेंब थेंब त्याच खळग्यात पाझरतं, हे मला कायमच ठाऊक होतं. जुनं इंजिन आहे, पाझरायचंच. ते पाझरतंय म्हणजे टाकीत डिझेल आहे, असा विनोदही मी करत असे. तर त्या भोकातून पिचकारी उडाली आणि पाण्यावर एक रंगीत, मोरपिशी चट्टा पसरला. ओढीने तो चट्टा लाँचच्या अंगाला घासत पुढे निघाला, सावलीत शिरला आणि सरळ बाईंच्या बादलीत गेला.

आमच्या बाटलीतलं डिझेल पंपवाल्याकडून आलेलं नव्हतं. ते माझ्याकडून येत होतं. बाकीच्या तीन ठिकाणी इंजिन बंद, म्हणून लाँचचा तो छोटा पंपही बंद. पट्टा तुटला त्या दिवशी चार नंबरलाही बंद. वीस बादल्यांबरोबर माझं डिझेल जाळीत गाळलं जायचं, बाटलीत कोंडलं जायचं, आणि धक्क्यापर्यंतच्या दोन तासांत आतल्या साखळ्यांचा चुरा व्हायचा. बाईंच्या बाटल्यांची अदलाबदल झाली नव्हती आणि त्यांचे डोळेही शाबूत होते.

तरीही मी तेव्हा तोंड उघडलं नाही. हे सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मी म्हणालो, आता आठ दिवस राहिलेत, पुस्तक तयार आहे, अकरा वर्षांची मेहनत आहे, ती मातीत घालू का? शिवाय लाँच काढून घेतली तर? बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“ती बाई डोळे गेले समजून घरी बसणार,” ती म्हणाली. “आणि तुम्ही म्हणे तिची मेहनत वाचवताय.”

रात्रीच्या जेवणात मीठ दोनदा पडलं होतं तरी मी ताट चाटूनपुसून साफ केलं.

चौथा मंगळवार बाईंचा शेवटचा. चार नंबरला पोचलो तशा त्या सवयीने उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मी लाँच फिरवली नाही. नाक ओढीकडेच ठेवलं. त्यांच्या तोंडावर लख्ख ऊन आलं. त्यांनी कपाळावर हात धरून माझ्याकडे बघितलं.

“बाई,” मी म्हणालो, “आज जरा ऊन सोसा. आणि डाव्या बाजूनं पाणी काढा.”

“का?”

“वीस बादल्या डावीकडनं, वीस उजवीकडनं. दोन वेगळ्या बाटल्या. मग सांगतो.”

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. काम करणाऱ्या माणसाला काम सांगितलं की तो आधी काम करतो. डावीकडे वीस झाल्या. मग मी लाँच फिरवली, सावली दिली, आणि उजवीकडे वीस झाल्या. सातव्या की आठव्या बादलीला पिचकारी उडाली. मी बोटाने दाखवलं. बाईंनी भोक बघितलं, चट्टा बघितला, तो कुठून कुठे गेला ते बघितलं. मग हातातली बादली बघितली आणि माझ्या डोक्यावरचं केबिनचं छप्पर बघितलं, ज्याची सावली त्यांच्यावर पडली होती.

“कधीपासून अशी धरताय लाँच?”

“तुमचं ऑपरेशन झालं तेव्हापासनं.”

मला वाटलं त्या ओरडतील. रडतील असंही वाटलं, आणि त्याची मला जास्त धास्ती होती. त्या फळीवर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मी सुकाणू सोडून धावणार होतो, पण सुकाणू सोडता येत नाही. मग लक्षात आलं की बाई हसतायत. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतायत.

“अकरा वर्षं,” त्या म्हणाल्या, “अकरा वर्षं मी तुमच्या इंजिनाची तपासणी करतेय, कप्तान. दर आठवड्याला. इतकी काळजी तर मिस्त्रीनंही घेतली नसेल.”

मी म्हणालो, माफ करा. त्यांनी ऐकलंच नाही. त्या उठून पुन्हा डाव्या बाजूला गेल्या आणि कठड्यावरून वाकून खाली बघत राहिल्या. पाणी हिरवं होतं आणि त्यात डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

“म्हणजे ते होते,” त्या म्हणाल्या. “सगळे होते.”

परतीच्या वाटेवर त्या खरोखर शिट्टी वाजवत होत्या. बेसूर वाजवत होत्या, पण मी कोण बोलणारा. दुपारी आकडे आले. डावी बाजू तीनशे नव्वद, उजवी सव्वीस. मी गुरुवारी मिस्त्रीला बोलावलं. त्याने सांधा उघडला, आतली तांब्याची चपटी चकती काढली, नखाएवढी होती, आणि नवी बसवली. वीस मिनिटं लागली. जुनी चकती त्याने पाण्यात भिरकावायला हात उचलला तेव्हा मी त्याच्या अंगावर असा खेकसलो की बिचाऱ्याने ती खिशात घातली.

साहेबांना हे सगळं कळलं तेव्हा ते आधी खूश झाले आणि मग पडले पेचात. अकरा वर्षांचे आकडे चुकीचे, हे निरोपाच्या दिवशी कसं सांगायचं? त्यांनी बाईंना सुचवलं की चार नंबर पुस्तकातून हळूच काढून टाकू, तीन ठिकाणंही पुष्कळ झाली, कुणाला कळणार नाही. बाई म्हणाल्या, “गाळायचं काम जाळीचं, साहेब. मला मोजायचा पगार होता.”

निरोपाला प्रयोगशाळेतल्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंचे यजमान पुढे, शेजारी पंपवाला, बाकी ऑफिसची माणसं आणि दोन-चार बोटवाले. मी दाराशी उभा होतो. म्हणजे बसायला खुर्ची होती, पण बसवत नव्हतं. साहेबांचं भाषण झालं. मग बाई उठल्या. हातात खर्ड्याचं एक पान होतं. त्या म्हणाल्या की चार नंबरच्या पानावर चारशे बारा आणि तीनशे नव्वद सोडून अकरा वर्षांच्या प्रत्येक आकड्यावर मी रेघ मारली आहे, आकडे खोडलेले पण वाचता येतील असे ठेवले आहेत, आणि पुस्तकात ते तसेच छापायचे. रेघांखाली एक ओळ लिहिली आहे ती वाचते.

“हे आकडे खाडीचे नाहीत, आमच्या लाँचमधून गळलेल्या डिझेलचे आहेत. पंपाचा यात दोष नव्हता.”

मी त्यांना बजावून सांगितलं होतं की तिथे ‘लाँचवाल्याच्या चुकीमुळे’ असं लिहा. त्यांनी ते लिहिलं नव्हतं. तरी खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. लाँच कोण चालवतं हे काय लपून होतं? मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. ते बंद होतं.

मग पंपवाला उठला. खुर्च्यांमधून वाट काढत मागे आला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. खांद्याला खांदा लागेल इतका जवळ.

“एवढी वर्षं मी एकटाच उभा होतो इथे,” तो म्हणाला. “सरका जरा.”

आधी बाईंचे यजमान हसले, मग बोटवाले, मग सगळी खोली. मीही हसलो. मला रडूही येत होतं, पण पंपवाल्यासमोर रडायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. तो निघताना म्हणाला की यापुढे तुमच्या लाँचखाली ट्रे मी देणार, आणि चांगला मोठा देणार.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या एकावर एक रचत होतो. बाई आपल्या टेबलापाशी सामान आवरत होत्या. त्यांनी मला हाक मारली. टेबलावर एक छोटी बाटली होती. मंगळवारी डावीकडून काढलेल्या पाण्यातलं थोडं पाणी त्यांनी, मोजण्याआधी घालतात ते औषध न घालता, जिवंत ठेवलं होतं. त्याचा एक थेंब त्यांनी काचेवर घेतला, दिवा लावला आणि स्टूल पुढे सरकवलं. एकोणीस वर्षांत मी त्या सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावला नव्हता. मला त्यातलं काय कळतंय, असं म्हणून दरवेळी टाळलं होतं.

आधी नुसता उजेड दिसला. मग माझ्याच पापण्या. बाईंनी एक चाकी जराशी फिरवली, आणि समोर एकदम गर्दीच झाली. काचेच्या साखळ्या होत्या, लांबच लांब, एकेका खोलीत सोनेरी ठिपके भरलेले. त्यांच्यामधून एक मिशाळ आला, थांबला, मिशा पसरल्या आणि उडी मारून पसार झाला. पुन्हा आला. त्याचं पोट हिरवं होतं. दुसरा एक कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा एका जागी थरथरत होता, आणि बाजूला चार-पाच हिरवे गोळे आपले निवांत.

“हे चार नंबरचे?” मी विचारलं.

“चार नंबरचे.”

“अकरा वर्षं हे असेच होते?”

“असणार,” बाई म्हणाल्या. “आता मोजता यायचे नाहीत.”

मी डोळा काढला नाही. मिशाळ पुन्हा आला. मी मनातल्या मनात एक म्हणालो. साखळीतल्या खोल्या मोजायला लागलो, दोन, तीन, चार, मग एक साखळी वळली आणि माझा आकडा चुकला, मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाईंनी दिवा बंद करायला हात पुढे केला होता. तो त्यांनी मागे घेतला, पर्स मांडीवर ठेवली आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या.